खोदकाम आणि भराव : पाळी गेल्यानंतरची हाडं

'वय झालं, कॅल्शियम कमी पडलं, गोळी सुरू करा.' गोव्यात 2011च्या जनगणनेतच शंभरांत अकरा माणसं साठीपुढची होती, त्यामुळे हा सल्ला घरोघरी पोचलेला आहे. तो अर्धाच खरा आहे. दूध-चीज भरपूर खाणाऱ्या नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्कमध्ये म्हाताऱ्या बायकांचं खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी आहे. जपानी बायकांत ते बरंच कमी, पण मणके पिचण्याचं प्रमाण तिथेही कमी नाही.

कॅल्शियम हा माल झाला. बघायला हवेत ते कारागीर.

हाड म्हणजे एकदा बसवलेला चिरा नव्हे. अस्थिभक्षक पेशी हाडाला चिकटतात, आम्ल सोडून क्षार विरघळवतात आणि विकरांनी प्रथिनांची जाळी तोडतात. दोन-तीन आठवड्यांत एक खड्डा पडतो. अस्थिजनक पेशींना तो भरायला तीन-चार महिने लागतात. खोदणाऱ्यांना कामावर बोलावतो तो रँक-एल नावाचा रेणू. ऑस्टिओप्रोटेजेरिन हे प्रथिन त्याला वाटेतच पकडून निकामी करतं. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक रँक-एल आवरतं, ऑस्टिओप्रोटेजेरिन वाढवतं आणि भक्षक पेशींचं आयुष्यही कमी करतं. पाळी गेली की इस्ट्रोजेन घटतं आणि हे तिन्ही लगाम ढिले पडतात. खड्डे वाढतात, भराव पुरत नाही. मणक्यातलं हाड जाळीदार, त्याला पृष्ठभाग जास्त, म्हणून घट तिथे आधी दिसते. जाळीतला आडवा धागा एकदा तुटला की नव्या हाडाला आधारच उरत नाही. मग कॅल्शियम कितीही ओता.

डेनोसुमॅब या ठिसूळ हाडांवरच्या औषधाचं सहामाही इंजेक्शन याच रँक-एलला पकडतं. ते डॉक्टरांना न विचारता थांबवू नये, कारण खोदकाम उसळून एकापाठोपाठ मणके मोडू शकतात. चुंबकाच्या गादीचा किंवा तांब्याच्या कड्याचा या रेणूवर काहीही परिणाम होत नाही. शिबिरात टाचेवर लावतात त्या यंत्रावरूनही निदान होत नाही. त्यासाठी खुबा आणि कंबरेची डेक्सा, म्हणजे क्ष-किरणांनी हाडांची घनता मोजणारी तपासणी लागते. तिच्यातला टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडांशी तुलना करून आलेला आकडा, उणे 2.5 किंवा त्याखाली असेल तर हाडं ठिसूळ झाली असं धरतात.

माल मात्र लागतोच. पाळी गेलेल्या स्त्रीला रोज सुमारे 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण 350 असतं. तारल्यांचं कॅल्शियम काट्यांत असतं, म्हणून ते मऊ शिजवून काट्यासकट खावेत. कॅल्शियम कार्बोनेटची गोळी जेवणासोबत, एका वेळी 500 मिलिग्रॅमपर्यंत, आणि लोहाच्या गोळीपासून लांब. अ‍ॅलेंड्रोनेट ही हाडांची झीज रोखणारी गोळी याच्या उलट : सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत, आणि पुढे अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होऊ शकते.

पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्या घासून घ्याव्यात. वर्षातून एकदा उंची मोजावी. तरुणपणापेक्षा चार सेंटिमीटर कमी भरली तर मणक्यांचा एक्स-रे काढावा, कारण पिचलेला मणका अनेकदा दुखतही नाही.