पीएसएच्या वैमानिकांनी विमानं ‘पळवली’ नाहीत

एन्व्हॉय, पीएसए आणि पीडमॉन्ट या तिन्ही प्रादेशिक विमान कंपन्या अमेरिकन एअरलाइन्स समूहाच्याच. २०१४ मध्ये एन्व्हॉयच्या वैमानिकांनी व्यवस्थापनाला सवलती देणारा करार मतदानात फेटाळला. पुढे एन्व्हॉयची सीआरजे-७०० ही छोटी जेट विमानं पीएसएकडे गेली, आणि ‘पीएसएवाल्यांनी भावांच्या ताटातलं ओढलं’ हा आरोप तेव्हापासून फिरतो.

तो खरा नाही, आणि अन्यायाचाही आहे. कोणतं विमान कुणाला, हे वैमानिक ठरवत नाहीत, मालक ठरवतो. तिन्हीकडे वैमानिकांची संघटना एकच, अल्पा. पण करार वेगळे, आणि पाळ्या-बढती ज्यावरून ठरतात ती ज्येष्ठता यादीही वेगळी. पीएसएतून एन्व्हॉयला गेलेला वैमानिक यादीत तळाशी लागतो. म्हणूनच एकाला दुसऱ्याची भीती घालणं मालकाला इतकं सोपं जातं.