पॉवर्ड पॅराशूटमध्ये बसण्याआधी: मशीन असं का बनवलंय आणि आम्ही फ्लाइट कॅन्सल का करतो

बुकिंग करताना दोन प्रश्न हमखास येतात, इंजिन बंद पडलं तर काय, आणि आभाळ एवढं स्वच्छ होतं मग फ्लाइट कॅन्सल का केली. दोन्हीची उत्तरं मशीनच्या डिझाइनमध्येच आहेत, म्हणून हे पान, येण्याआधी एकदा वाचाच.

आपल्याकडे सरसकट सगळ्यालाच पॅरामोटर म्हणतात. पॅरामोटरचं इंजिन पायलटच्या पाठीवर असतं आणि तो स्वतः पळत टेकऑफ करतो. आमचं मशीन म्हणजे पॉवर्ड पॅराशूट, वर पॅराशूटसारखी छत्री आणि खाली तीन चाकांची, नळ्यांची कार्ट, पायलट पुढे, तुम्ही त्याच्या मागे, तुमच्या पाठीशी इंजिन आणि त्याच्यामागे पंखा. पंख्याभोवतीची रिंग शोभेची नाहीये, छत्री वर येताना दोऱ्या पंख्यात जाऊ नयेत म्हणून आहे. मागची सीट मुद्दाम कार्ट जिथून लटकते त्या पॉइंटखाली ठेवलीय, म्हणजे पॅसेंजर ४५ किलोचा असो की ९० चा, कार्टचं नाक फार वरखाली होत नाही.

छत्री म्हणतो खरं, पण तो पंख आहे. नायलॉनचे दोन थर आणि मध्ये उभ्या कापडी भिंती, उशीचे अभ्रे शेजारी शेजारी शिवावेत तसे कप्पे, पुढून उघडे मागून बंद. पुढे जाताना हवा आत भरते आणि तिच्या दाबानेच आकार येतो, आत एकही काठी नाही. ही आयडिया डोमिना जॅल्बर्ट या फ्लोरिडातल्या पतंग बनवणाऱ्याची, १९६४ ची. अशा पंखाखाली इंजिनची कार्ट लटकवली स्टीव्ह स्नायडरने, १९८१ मध्ये पहिलं उड्डाण आणि १९८३ मध्ये पॅराप्लेन नावाने लोकांसमोर. अमेरिकेत २००४ पासून लाइट-स्पोर्टमध्ये, म्हणजे हलक्या हौशी विमानांच्या वर्गात, याची वेगळी कॅटेगरीच आहे. त्या पॅराप्लेनला दोन छोटी इंजिनं आणि उलटसुलट फिरणारे दोन पंखे होते, कारण पंखा एकच असला की कार्ट त्याच्या उलट्या बाजूला कलते. आमचा पंखा एकच आहे, म्हणून पंख कार्टला दोन बाजूंना किंचित वेगवेगळा जोडून तो कल मोडलाय, तरी फुल थ्रॉटलला एका बाजूला ओढल्यासारखं वाटेल, घाबरू नका.

आता मेन मुद्दा, या मशीनला स्पीड एकच. साधारण ताशी ५० किमी. थ्रॉटल दिला की ते जोरात जात नाही, वर चढतं, कमी केला की खाली येतं, कारण पंखाचा हवेशी असलेला कोन दोऱ्यांच्या लांबीवर आधीच ठरलेला आहे आणि अख्खं वजन खूप खाली लटकत असल्यामुळे हलल्यावर आपोआप सरळ होतं. म्हणून पायलटला सांभाळायला गोष्टी कमी. उजवा फूटबार दाबला की पंखाची उजवी मागची कड खाली ओढली जाते, तिकडे हवा अडते, मशीन उजवीकडे वळतं. उतरताना जमिनीजवळ दोन्ही पाय दाबायचे, झालं. हे स्टॉल होतच नाही, म्हणजे पंखाची उचल कधी सुटतच नाही, असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर मात्र ऐकू नका, दोन्ही बार जास्त वेळ दाबून धरले तर होऊ शकतं, आणि खवळलेल्या हवेत पंखाची कड दुमडूही शकते.

स्पीड एकच असण्याचा तोटा वाऱ्यात कळतो. समोरून २५ चा वारा आला की जमिनीवरून निम्म्याच वेगाने जाणार, ४५ चा आला तर जवळजवळ जागेवरच. जास्त पॉवर देऊन सुटायची सोय नाही, पॉवर दिली की वर जाणार आणि वर वारा बहुतेक वेळा जास्तच असतो. त्याहून मोठी भीती जमिनीवर, टेकऑफला ५०० स्क्वेअर फुटांचा पंख डोक्यावर उभा असताना बाजूने झोत आला तर कार्ट आडवी होते. म्हणून जमिनीवर ताशी १५ किमीपेक्षा जास्त वारा असेल तर आम्ही कापड बॅगेतून काढतच नाही. आणि ऊन म्हणजे चांगली हवा असं नसतं, जमीन तापली की गरम हवेचे लोट वर सुटतात, कामशेतचे पॅराग्लायडिंगवाले त्याचीच वाट बघतात कारण त्यांना त्यावर चढायचं असतं, आमच्याकडे इंजिन आहे, आम्हाला ते लोट नकोच. त्यामुळे उजाडल्यावरचे पहिले दीड-दोन तास आणि ऊन उतरल्यावरची संध्याकाळ एवढेच स्लॉट, दुपारी बाराचा मागू नका. पावसाळ्यात पूर्ण बंद.

इंजिन रोटॅक्स ५८२, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, पाण्याने थंड होणारं, साधारण ६५ हॉर्सपॉवर. इग्निशन दोन, एक गेलं तरी दुसऱ्यावर चालतं. तरीही टू-स्ट्रोक ते टू-स्ट्रोकच, कधीही बंद पडेल असं धरूनच आम्ही उडतो. बंद पडलं तर पंख भरलेलाच राहतो आणि मशीन तरंगत उतरतं, एक मीटर खाली येताना साधारण चार मीटर पुढे, म्हणजे ३०० मीटरवरून फार तर सव्वा किमी. तेवढ्यात मोकळं शेत हवंच, म्हणून दाट झाडी, धरणाचं पाणी, हायटेन्शन तारा यांच्यापासून आम्ही लांब राहतो. "जरा धरणावरून घ्या ना, फोटो काढायचाय" असं पायलटला म्हणू नका.

मागे पंखा असल्यामुळे तुमच्याकडून जे सुटेल ते थेट त्यातच जाणार. टोपी, ओढणी, खिशातली चिल्लर सगळं खाली ठेवायचं, मोबाइल दोरीने बांधलेला असेल तरच वर, पायात लेसवाले शूज, चप्पल चालणार नाही. वजनाची लिमिट ९५ किलो आणि आम्ही काट्यावर बघतो, फोनवर सांगितलेलं धरत नाही. लँडिंग झालं की कापड लगेच गुंडाळतो कारण उन्हाने नायलॉन कमजोर होतं, फोटो हवे असतील तर टेकऑफच्या आधी काढून घ्या.

फ्लाइट आहे की नाही ते पहाटे वारा बघून व्हॉट्सॲपवर कळवतो. कॅन्सल झाली तर पुढची तारीख घ्या नाहीतर पूर्ण पैसे परत, पण मुंबईहून येणार असाल तर आदल्या रात्री जवळपास मुक्काम केलेला बरा, मेसेज बघून निघालात तर पोचेपर्यंत हवा गेलेली असते.