विद्यापीठाचा लोकनृत्य संघ आणि तो बसवणारी माणसं : सातारा-सांगलीची पार्श्वभूमी

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा लोकनृत्याचा संघ झोनलला, म्हणजे विभागीय आंतरविद्यापीठ युवक महोत्सवाला, निघाला की दरवर्षी तोच वाद उठतो, डान्स बसवला कोणी आणि नाव कोणाचं लागलं. यंदाही उठलाय. नवीन पोरांना वाटतं हे आत्ताचंच भांडण आहे, तसं नाहीये, म्हणून थोडं मागचं सांगतो.

फार जुन्यात शिरत नाही. सांगलीत 1843 ला राजवाड्यात नाटक उभं राहिलं, त्याला राजाश्रय मिळाला आणि नाटक इथं मानाचं झालं. नाचाला असा वाली कधी मिळाला नाही, तो जत्रेत आणि बिरोबाच्या देवळापुढंच राहिला. दिल्लीत 1954 ला पहिला आंतरविद्यापीठ युवक महोत्सव झाला तेव्हा आपली कॉलेजं पुणे विद्यापीठात होती. 1962 ला कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झालं आणि कोल्हापूर, सांगली, सातारा तिन्ही जिल्हे त्याच्याखाली आले. तिथून पुढं तिन्ही जिल्ह्यांची पोरं मिळून एकच संघ, 2004 पर्यंत सोलापूरही त्यातच होतं.

खरा गुंता ऐंशीच्या दशकानंतरचा. राष्ट्रीय पातळीवरचे महोत्सव नियमित व्हायला लागले, 2003 पासून राज्यातल्या विद्यापीठांचा इंद्रधनुष्य महोत्सव सुरू झाला आणि बक्षिसाला किंमत आली. नियम सगळ्यांना माहीत आहेत, नाचणारे दहा, साथीला पाच, वेळ दहा मिनिटं, शास्त्रीय चालत नाही. झोनलला समोर गुजरात-राजस्थानचे संघ असतात, त्यांची ड्रेपरी (वेशभूषा) आणि सफाई बघून आपल्याकडं एक गोष्ट डोक्यात बसली की आपल्याला पण बाहेरचा कोरिओग्राफर पायजे.

हा निर्णय नक्की कधी झाला असं विचारलं तर कोणालाच बोट ठेवता येणार नाही, कारण तो कुठल्या मीटिंगमध्ये झालाच नाही. आधी एका कॉलेजनं पुण्याहून माणूस आणला, त्याचा नंबर आला, मग दुसऱ्यानं आणला, आणि चार-पाच वर्षांत अशी पद्धत पडली की पंधरा-वीस दिवसांसाठी एक सर येणार, पाकीट घेणार, डान्स बसवून जाणार, आणि संघाचं काय करायचं हे तेच ठरवणार. कागदावर मात्र संघप्रमुख म्हणून एखादे मराठीचे नाहीतर कॉमर्सचे प्राध्यापक, ज्यांच्याकडं टीए-डीए आणि ओळखपत्रांच्या झेरॉक्सची फाईल असते. त्या प्राध्यापकांचा यात काही दोष नाही, उलट बहुतेकजण स्वतःच्या खिशातून पोरांना चहा-वडापाव घालतात. पण कलेच्या बाबतीत संघाचं नेतृत्व कोणाकडं, हा प्रश्न तीस-चाळीस वर्षं तसाच लोंबकळतोय. विद्यापीठ कायदा बघितला तर 1994 चा जाऊन 2016 चा आला, विद्यार्थी कल्याणचं विद्यार्थी विकास झालं, त्याला संचालक आहे, खेळाला संचालक आहे, नाच बसवणाऱ्याला मात्र साधं पद नाही. त्यामुळं दरवर्षी शून्यापासून सुरुवात, मागच्या वर्षी काय चुकलं ते सांगायला माणूसच जागेवर नसतो.

बाहेरचा माणूस आणायच्या बाजूनं बोलणारे म्हणतात की आपल्या पोरांना स्टेज कळत नाही आणि त्यात तथ्य आहे. गजी नृत्याचं उदाहरण घ्या. आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, इकडं साताऱ्याच्या माण तालुक्यात धनगर समाजात हा नाच पिढ्यानपिढ्या चालत आलाय. ढोल आणि कैताळ (मोठी झांज) मध्ये, नाचणारे भोवती गोल, पायघोळ झगा, हातात रंगीत रुमाल, आणि सगळ्यांचं तोंड आत ढोलाकडं. ढोलाची चाल बदलली की पाऊल बदलतं, कोणी एक-दोन-तीन-चार म्हणून मोजत नाही. आता हे रिंगण स्टेजवर ठेवलं तर परीक्षकांना अर्ध्या पोरांच्या पाठी दिसणार. मग कोरिओग्राफर रिंगण फोडतो, दोन ओळी करतो, एंट्री घालतो, शेवटाला मनोरा उभा करतो आणि टाळ्या घेतो. सांगलीकडं लेझमाचंही तेच झालंय, हलगी-घुमक्यावर रंगणारा लेझीम आता अर्धा वेळ कसरतीत जातो.

मला स्वतःला हे पटत नाही, स्पष्टच सांगतो. रिंगण फोडावं लागतं हे मान्य, पण ते कुठं फोडायचं आणि परत कुठं जुळवायचं हे ढोलवाल्याला विचारून ठरवलं पायजे, कारण चाल त्याच्या हातात आहे. काही वर्षी तसं झालंय. गावातल्या जुन्या गजी मंडळातले आबा सरावाला येऊन बसायचे, पोरं त्यांच्या पायाकडं बघून शिकायची, आणि कोरिओग्राफर फक्त जागा ठरवून द्यायचा. अशा वर्षी डान्स वेगळा दिसायचा, बघणाऱ्याला लगेच कळायचं. पण आबांचं नाव कुठल्या कागदावर आलं नाही, मानधन तर लांबच.

दुसरा जुना वाद म्हणजे जिंकलेल्या कॉलेजचाच ग्रुप न्यायचा की तिन्ही जिल्ह्यांतनं निवड करून नवीन बांधायचा. पहिल्यात पोरांचं जुळलेलं असतं, दुसऱ्यात जतच्या पोराला पण संधी मिळते. यावर दोन्हीकडनं बोलून झालंय, त्यात जास्त जात नाही.

त्यात 2021 ला साताऱ्यात समूह विद्यापीठ, म्हणजे काही कॉलेजं एकत्र करून केलेलं विद्यापीठ, झालं आणि शहरातली तीन मोठी कॉलेजं कोल्हापूरपासून वेगळी झाली. कराड, वाई, फलटणकडची कॉलेजं मात्र कोल्हापूरकडंच राहिली. म्हणजे आता एकाच जिल्ह्यातली पोरं झोनलला एकमेकांसमोर उभी राहू शकतात. वेगळं होताना इमारती, परीक्षा, पदव्या सगळ्यांचा विचार झाला, पण इतक्या वर्षांत एकत्र नाचून जे जमलं होतं त्याचं काय, हे कोणी विचारलेलं आठवत नाही. आधीच कोविडमध्ये सराव बंद पडून सिनियरनं ज्युनियरला शिकवायची साखळी तुटली होती, वरनं ही वाटणी.

तरी छोट्या विद्यापीठाला एक संधी आहे. तीनच कॉलेजं, एकच गाव, संध्याकाळी सहाला सगळी पोरं एका ग्राउंडवर येऊ शकतात. तिथं नाच बसवणारा माणूस तीन वर्षांसाठी नेमता येईल, त्याच्याबरोबर माणमधला एक ढोलवाला मानधनावर घेता येईल, आणि दोघांची नावं संघाच्या यादीत वर लावता येतील. कोल्हापूरकडंही हीच मागणी आहे, तिन्ही जिल्ह्यांतल्या सांस्कृतिकवाल्या प्राध्यापकांनी बऱ्याचदा तोंडी मांडलीय. तोंडी मांडून फाईल हलत नाही, तेव्हा यावेळी महोत्सवाच्या आधीच लेखी द्यायचं असं काहीजणांचं चाललंय.