चित्रपटचर्चा, प्रेक्षकांची (ठाणे आणि नवी मुंबई)

नवा चित्रपट पाहून आलेल्याने तो न पाहिलेल्यांना दिलेले मत, त्यावर झालेली उलटतपासणी आणि त्यातून ठरणारे ‘जायचे की नाही’, या सगळ्या व्यवहाराला चित्रपटधंद्यात ‘माउथ पब्लिसिटी’ म्हणतात. ठाणे आणि नवी मुंबईत तो लोकलच्या डब्यात, सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटांवर, ऐरोलीच्या आयटी पार्कांतील कॅन्टीनमध्ये आणि तलावपाळीच्या कठड्यावर चालतो. वृत्तपत्रातला समीक्षक चित्रपटाबद्दल बोलतो; शेजारी मात्र ऐकणारा कोण आहे हे बघून बोलतो. एकच माणूस धाकट्या भावाला ‘चुकवू नकोस’ म्हणतो, सासऱ्यांना ‘तुम्हाला नाही आवडायचा, बाबा’ असे सांगतो, आणि दोन्ही मते खरी असतात.

खेळ सुटल्यावर

ठाण्याची जुनी चित्रपटगृहे एकपडदा होती : गणेश, वंदना, मल्हार, आराधना, पूर्वेला कोपरीत आनंद. वंदनाचे नाव आज अनेकांच्या तोंडी येते ते एसटी स्थानकामुळे. या चित्रपटगृहांत आधीचा खेळ सुटायचा तेव्हा पुढच्या खेळाचे लोक आवारात उभेच असायचे. फाटकाशी दोन्ही गर्दी समोरासमोर यायच्या आणि ‘कसा आहे?’ हा प्रश्न अनोळखी माणसाला बिनदिक्कत विचारला जायचा. ज्याच्या खिशात तिकीट होते त्याला उत्तराचा फारसा उपयोग नव्हता. हाऊसफुल्लच्या बोर्डापाशी ब्लॅकवाल्याशी घासाघीस करणारा मात्र त्याच उत्तरावर भाव पाडायचा, नाहीतर मुकाट जास्तीचे पैसे मोजायचा. पिटातून (पडद्याजवळच्या स्वस्त जागांतून) बाहेर पडलेल्यांचे आणि बाल्कनीतून उतरलेल्यांचे मत बहुधा जुळत नसे. विचारणारे त्यामुळे माणूस कुठल्या दाराने आला हे आधी बघत.

मल्टिप्लेक्सने ही जागाच काढून टाकली. खेळ संपला की पडद्याच्या बाजूचे दार उघडते, ट्यूबलाइटचा अरुंद बोळ किंवा जिना लागतो आणि प्रेक्षक थेट पार्किंगमध्ये, नाहीतर मॉलच्या मागच्या अंगाला निघतो. आत जाणारे आणि बाहेर येणारे एकमेकांना दिसतही नाहीत. १४ पडद्यांच्या विवियानात (मॉलचे नाव आता लेक शोअर झाले, पण रिक्षावाल्याला विवियानाच सांगावे लागते) एकाच वेळी चार-पाच चित्रपटांचे प्रेक्षक बाहेर पडतात. लिफ्टमध्ये शेजारी उभ्या असलेल्याने आपलाच चित्रपट पाहिला की दुसरा, हे कळायला मार्ग नसतो. फाटकावरची चर्चा मोबाइलने संपवली असे सर्रास म्हटले जाते. खरे तर चित्रपटगृहाचा नकाशा आधी बदलला आणि मोबाइल त्या रिकाम्या जागेत नंतर आला.

लिफ्टमधली शांतता पाहण्यासारखी असते. सगळे तिकिटे काढणाऱ्याच्या तोंडाकडे बघतात. तोच विचारतो, ‘बरा होता ना?’ त्याच्या पैशाने पाहिलेल्यांना ‘हो, टाइमपास आहे’ म्हणण्यावाचून गत्यंतर नसते. खरे मत रिक्षात बसल्यावर निघते.

मताची भाषा

‘पैसा वसूल’ हा शेरा अजून सगळ्यांत वरचा आहे. त्याखालोखाल ‘कडक’, ‘एक नंबर’. ‘एकदा बघायला हरकत नाही’ ही वरून शिफारस दिसते. ऐकणारा तिचा अर्थ ‘नाही गेलास तरी चालेल’ असा घेतो. ‘डोकं बाजूला ठेवून बघ’ हा इशारा असतो आणि ‘डोक्याला शॉट’ हा निकाल. चित्रपट मध्यंतराशी दोन तुकड्यांत मोडण्याची सवय इतकी पक्की आहे की ‘फर्स्ट हाफ जबरदस्त, इंटरव्हलनंतर ढेपाळला’ हे वाक्य चित्रपट न पाहताही म्हणता येते, आणि काही जण म्हणतातही. अलीकडची भर म्हणजे ‘ओटीटीवर येईलच की’. हे मत चित्रपटाविषयी कमी आणि घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकविषयी जास्त असते.

या भाषेच्या मुळाशी हिशेब आहे. चौघांच्या कुटुंबाने रविवारी संध्याकाळी मल्टिप्लेक्सला जायचे तर तिकिटे, पॉपकॉर्न, पार्किंग किंवा रिक्षा असा खर्च उभा राहतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के आणि त्यापुढच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी आहे. शहरातल्या शनिवार-रविवारच्या तिकिटांपैकी बहुतेक दुसऱ्या गटात मोडतात. दर उतरला की मतही नरमते. २३ सप्टेंबर २०२२ च्या राष्ट्रीय चित्रपट दिनाला तिकीट ७५ रुपये होते, २०२३ आणि २०२४ मध्ये ९९. अशा दिवशी ‘७५ रुपयांत आणखी काय पाहिजे?’ या एका वाक्यावर सुमार चित्रपटही तरून जातो.

सोसायटीच्या महिला मंडळाच्या गटावर मत कसे घडते त्याचा एक नमुना :

‘आत्ताच आले बघून. रडवलं गं बाई. नक्की जा.’

‘ताई, सासूबाईंना नेलं तर चालेल का?’

‘चालेल. एक गाणं जरा तसलं आहे, तेवढ्यात पॉपकॉर्न आणायला पाठव.’

‘आणि पिल्लूला?’

‘त्याला नको, कंटाळेल.’

शेवटच्या प्रश्नाला सेन्सॉर प्रमाणपत्रही उत्तर देते. २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्ती कायद्याने यूए श्रेणीचे ७, १३ आणि १६ वर्षांवरील असे तीन भाग केले. पण प्रमाणपत्र ‘दाखवावा का’ एवढेच सांगते. ‘कंटाळेल का’ हे ताईच सांगू शकते. शेवट कोणी फोडायचा नाही, हा एकच नियम अशा गटांवर निदान सोमवारपर्यंत पाळला जातो.

नाटकाचा कान

ठाण्याच्या मतांवर नाटकाची छाप आहे. १९७८ मध्ये सुरू झालेले गडकरी रंगायतन आणि नंतर घोडबंदर रोडजवळचे डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह यांनी जो प्रेक्षक घडवला, तोच मराठी चित्रपटांनाही जातो. कॅमेरा कुठे होता यापेक्षा शब्द नीट ऐकू आले का, ‘ळ’ आणि ‘ण’ स्वच्छ होते का, पल्लेदार संवादात नट कुठे धापला, यावर तो आधी बोलतो. ‘म्युझिकमध्ये वाक्यं गेली’ ही नौपाड्यातल्या ज्येष्ठांची कायमची तक्रार आहे आणि ध्वनिमिश्रण करणाऱ्यांनी ती मनावर घ्यायला हरकत नाही. त्यातच मराठी मालिकांची बरीच चित्रीकरणे ठाणे-घोडबंदर पट्ट्यात होतात आणि कितीतरी कलाकार इथेच राहतात. पडद्यावरची मावशी सकाळी भाजी घेताना भेटणार असेल तर मत जपून दिले जाते.

कलाकार शनिवार-रविवारी चित्रपटगृहांना भेटी देतात तेव्हाचे मत तर हिशेबातच धरले जात नाही. खेळ संपल्यावर दिवे लागतात, नायक माइक घेऊन उभा राहतो, प्रेक्षक भारावल्यासारखे बोलतात आणि त्याची चित्रफीत संध्याकाळपर्यंत सगळीकडे फिरते. बाहेर कॅमेरे घेऊन ‘पब्लिक रिव्ह्यू’ घेणाऱ्यांचेही तसेच. कॅमेऱ्यासमोर ‘पाचपैकी पाच’ देणारा बसस्टॉपवर बायकोला काय म्हणतो, ते खरे.

मराठी चित्रपट आणि पहिले तीन दिवस

हिंदी चित्रपटाबद्दल मत देणे बहुतेकांना करमणूक वाटते. मराठी चित्रपटाच्या बाबतीत त्याला घाई असते. चित्रपट शुक्रवारी लागतो. शनिवार-रविवारच्या गर्दीवरून पुढच्या आठवड्याचे खेळ ठरतात आणि मराठी चित्रपटाच्या वाट्याला आधीच मोजके खेळ असतात. सोमवारी आकडे मंद दिसले की संध्याकाळचा खेळ जातो आणि उरतो तो सकाळी अकराचा किंवा दुपारी सव्वातीनचा, म्हणजे नोकरदाराला जमणार नाही असा. मग रिकाम्या खुर्च्या दाखवून तोही काढला जातो. एखाद्या नाटकाचा प्रयोग पडला तर महिन्याभराने दुसरा लागतो. चित्रपटाला ती सोय नाही.

म्हणून ठाण्यातल्या जाणत्या प्रेक्षकाचा निरोप नुसता ‘छान आहे’ असा नसतो. त्यात चित्रपटगृह, वेळ आणि मुदत असते : ‘कोरमला रात्री पावणेदहाचा आहे, याच आठवड्यात जा, गुरुवारनंतर मिळायचा नाही.’ रविवारी रात्री आलेले मत उपयोगी पडते, बुधवारी आलेले हळहळण्यापुरते. ‘पुढच्या रविवारी जाऊ’ म्हणणारे पुष्कळ असतात आणि त्यांचे म्हणणे निर्मात्याला दुहेरी महागात पडते. २००९ मध्ये निर्माते-वितरक आणि मल्टिप्लेक्सचालक यांच्यातला सुमारे दोन महिन्यांचा संप मिटला, तेव्हा हिंदी चित्रपटांसाठी ठरलेल्या सूत्रानुसार वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३० टक्के असा उतरता होता. उशिरा आलेला प्रेक्षक हा असा कमी पैशांचा प्रेक्षक असतो.

सरकारी उपायाने यात थोडाच फरक पडला. एप्रिल २०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्समध्ये संध्याकाळी ६ ते ९ या वेळेत मराठी चित्रपट दाखवण्याची सक्ती जाहीर केली. गदारोळ झाला आणि काही दिवसांतच ही वेळ दुपारी १२ ते रात्री ९ अशी सैल करण्यात आली. दुपारी १२ च्या खेळाला ‘प्राइम टाइम’ म्हणायचे धाडस कागदावरच शक्य होते.

उलट बाजूची उदाहरणेही आहेत. २९ एप्रिल २०१६ ला प्रदर्शित झालेल्या ‘सैराट’चे खेळ मागणीनुसार वाढत गेले आणि १०० कोटींच्या पुढे गेलेला तो पहिला मराठी चित्रपट ठरला. ३० जून २०२३ च्या ‘बाईपण भारी देवा’ला बायका गटागटाने, ठरवून नेसलेल्या साड्यांत आणि गॉगल लावून गेल्या. एका भिशीने पाहिला की दुसऱ्या भिशीला मागे राहणे परवडेना. तिथे मत असे वेगळे कोणी विचारलेच नाही, गटावर पडलेले फोटो पुरले.

ठाण्याची स्वतःची गोष्ट पडद्यावर आली ती १३ मे २०२२ ला, ठाण्याचे शिवसेना नेते आनंद दिघे यांच्या जीवनावरील ‘धर्मवीर’मधून. या चित्रपटाबद्दलची चर्चा इतर चित्रपटांसारखी नव्हती. दिघे यांचा टेंभी नाका ज्यांनी त्या काळात पाहिला होता ते पटकथेपेक्षा तपशिलांवर बोलत होते : कोण कुठे उभे असायचे, काय दाखवले, काय गाळले. पुढच्याच महिन्यात राज्यात सत्तानाट्य (शिवसेनेतले बंड) घडले आणि तीच चर्चा चित्रपटावरची आहे की राजकारणावरची, हे सांगणे अवघड झाले. एरवीही कार्यकर्त्यांनी भरवलेल्या मोफत खेळांना आलेल्यांचे मत बाकीचे प्रेक्षक थोडी वजावट करूनच ऐकतात.

नवी मुंबई

सिडको या सरकारी महामंडळाने (स्थापना १९७०) वसवलेल्या या शहरात नोडनोडांत, म्हणजे आखून वसवलेल्या वसाहतींत, अंतर आहे आणि जुना असा एक सामाईक नाका नाही. वाशीचे मेघराज चित्रपटगृह हे आधीच्या पिढीचे ठिकाण. पुढे वाशीतला रघुलीला मॉल, सीवूड्सच्या स्थानकावरचाच ग्रँड सेंट्रल (आता नेक्सस) मॉल, अशी केंद्रे झाली. चर्चा त्यामुळे सोसायटी आणि ऑफिस यांतच जास्त होते, किंवा ठाणे-वाशी ट्रान्सहार्बरच्या गाडीत.

इथले वैशिष्ट्य भाषांचे आहे. वाशी, नेरूळ, सीवूड्स भागात मल्याळी आणि तमिळ वस्ती मोठी असल्याने त्या भाषांतले चित्रपट मूळ आवाजात लागतात. घणसोलीच्या मराठी तरुणाला त्यांची शिफारस ऑफिसातल्या शेजारच्या टेबलावरून मिळते : ‘डब केलेला बघू नको, सबटायटल्सचा बघ.’ परतफेड म्हणून तो मराठी चित्रपट सुचवतो. ती क्वचितच वसूल होते, कारण सहकाऱ्याला शनिवार मोकळा मिळेपर्यंत तो चित्रपट उतरलेला असतो.

कायदा आणि ओटीटी

मत देताना पुरावा जोडायची हौस महागात पडू शकते. पडद्यावर चालू असलेल्या दृश्याची दहा सेकंदांची फीत स्टेटसला लावणे सर्रास दिसते. २०२३ च्या दुरुस्तीनुसार चित्रपटगृहात विनापरवाना चित्रमुद्रण केल्यास तीन महिने ते तीन वर्षे कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड होऊ शकतो. तिकिटाचा फोटो काढायला मात्र मनाई नाही, आणि बहुतेकांचे तेवढ्यावर भागते.

मोठे मल्टिप्लेक्स हिंदी चित्रपटांसाठी चित्रपटगृह आणि ओटीटी यांत आठ आठवड्यांचे अंतर मागतात. अनेक मराठी चित्रपटांना चित्रपटगृहात आठ दिवसही नीट मिळत नाहीत. असा चित्रपट ओटीटीवर आला की चर्चेची दुसरी फेरी सुरू होते. खारघरच्या एखाद्या गटावर कोणीतरी विचारतो, ‘इतका चांगला होता तर आपल्याकडे लागला कसा नाही?’ आणि पहिल्या शनिवारी पाहून आलेली ताई आपलाच जुना निरोप, तारीख-वेळेसकट, पुन्हा वर काढून टाकते.