जठराचा कर्करोग: आधी सुरी आली, नजर नंतर

२९ जानेवारी १८८१. व्हिएन्नात शल्यविशारद थिओडोर बिलरोथ यांनी ४३ वर्षांच्या एका बाईच्या जठराचा कर्करोगाने व्यापलेला खालचा भाग काढला आणि उरलेले जठर लहान आतड्याला जोडले. त्याआधी पॅरिसमध्ये पेआँ (१८७९) आणि पोलंडचे रिडिगिअर (१८८०) यांनी हेच करून पाहिले होते, पण दोघांचेही रुग्ण दगावले. बिलरोथ यांची रुग्ण मात्र खाऊ-पिऊ लागली, घरी गेली. शल्यचिकित्सेच्या इतिहासात ही शस्त्रक्रिया यशस्वी म्हणूनच नोंदली गेली. ती बाई जेमतेम चार महिने जगली, कारण रोग आधीच पसरलेला होता.

म्हणजे टाके टिकले, पण वेळ निघून गेलेली होती. पुढची कित्येक दशके शल्यविशारद जास्त जास्त कापायला शिकले. १८९७ मध्ये झुरिकला श्लाटर यांनी आख्खे जठर काढले आणि रुग्ण त्यातून उठलीही. पण भूक मेलेली, वजन उतरलेले, पोटात गाठ हाताला लागतेय, अशा अवस्थेत माणूस आला की सुरीलाही मर्यादा पडायची.

कलाटणी मिळाली ती जपानमध्ये. तिथे या रोगाचे प्रमाण फार मोठे होते. १९५० मध्ये डॉ. उजी आणि ऑलिम्पस कंपनीच्या अभियंत्यांनी नळीच्या टोकाला चिमुकला कॅमेरा बसवून तो जठरात उतरवला. आत काय दिसतेय ते डॉक्टरला कळत नसे. खोलीत अंधार करायचा, पोटाच्या कातडीतून झिरपणाऱ्या दिव्याच्या उजेडावरून जागा ताडायची, फोटो काढायचे आणि फिल्म धुवून झाल्यावर बघायचे! त्याच दशकात शिराकाबे यांनी बेरियमसोबत (क्ष-किरण चित्रात पांढरे उठून दिसणारे, प्यायला द्यायचे औषध) जठरात हवा भरून क्ष-किरण चित्रे घेण्याचे तंत्र घडवले. अस्तरावरचा बारीकसा खळगाही त्यात उठून दिसू लागला. १९६० च्या सुमारास मियागी प्रांतात क्ष-किरण यंत्र बसवलेल्या गाड्या गावोगाव फिरू लागल्या.

माझ्या मते खरा टप्पा १९६२ चा, आणि तो कुठल्या यंत्राचा नव्हे, एका व्याख्येचा आहे. जपानी एंडोस्कोपी (तोंडावाटे नळी घालून जठर आतून बघणे) तज्ज्ञांनी ठरवले की रोग जठराच्या आतल्या अस्तरात किंवा त्याखालच्या थरातच असेल, स्नायूपर्यंत पोहोचला नसेल, तर तो 'प्रारंभिक'. गाठीचा आकार कितीही असो, प्रश्न खोलीचा. अशा रुग्णांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जण पाच वर्षांनंतरही हयात असतात, असे तिथल्या नोंदींत दिसू लागले.

मग सुरीचे कामही आटले. लसिकाग्रंथींत (लिम्फ नोड्समध्ये) पसरण्याची शक्यता नगण्य असलेला उथळ रोग १९८० च्या दशकापासून एंडोस्कोपीतूनच काढला जाऊ लागला. पोटावर छेद नाही, जठर जागच्या जागी. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात तर अस्तराखाली द्रव टोचून, तो भाग उचलून, मोठा पट्टाही एकसंध सोलून काढणे जमू लागले.

आपल्याकडे जठरासाठी अशी सार्वत्रिक तपासणी नाही. पोटात जळजळते, चार घास खाल्ले की पोट भरते, ही तक्रार घरोघरी 'ॲसिडिटी' म्हणून गोळीवर भागवली जाते. बहुतेकदा ती ॲसिडिटीच असते, हीच तर पंचाईत.