निळी पूररेषा की लाल? नदीकाठी फ्लॅट घेण्याआधी

मुठेकाठी फ्लॅट बघायला गेलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "काळजी नको, आपली साइट पूररेषेच्या बाहेर आहे." तिथल्या तिथे विचारावं, कोणत्या पूररेषेच्या?

सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो, ती निळी रेषा. तिच्या आत, नदीच्या बाजूला बाग, पार्किंग, स्मशानभूमी असे मोजके वापर चालतात. नव्या इमारतीला मनाई. लाल रेषा १०० वर्षांतून एकदाच्या पुराची, त्यामुळे नदीपासून आणखी लांब. दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात बांधकामाला परवानगी मिळते, पण ते लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंचावर हवं. म्हणजे "बाहेरची" जागा निळीच्या बाहेर आणि लालच्या आत असू शकते, आणि तरीही कागदपत्रं अगदी चोख.

'१०० वर्षांतून एकदा' या शब्दांनी फार लोक गाफील राहतात. मोठा पूर येऊन गेला, आता नातवंडांपर्यंत चिंता नाही, असा हिशेब नदी ठेवत नाही. लाल रेषेपर्यंत पाणी येण्याची शक्यता दर वर्षी १ टक्का असते, मागच्या वर्षी काय झालं याच्याशी तिचा संबंध नाही. गृहकर्जाच्या ३० वर्षांत ती साधारण २६ टक्क्यांवर जाते. निळ्या रेषेपाशी ७० टक्क्यांच्या वर! हे आकडे प्रत्येक घरात माहीत असायला हवेत.

शिवाय उंचावर असतं ते घर. खालचं पार्किंग, लिफ्टचा खड्डा, पाण्याचा पंप, जमिनीखालची टाकी, कधीकधी मीटरचं पॅनेलसुद्धा खालीच. वरच्या मजल्यावर थेंब न शिरताही सोसायटीची वीज आणि पिण्याचं पाणी बंद पडतं. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या आसपास पाणी सुटलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या.

ओढ्यांची गोष्ट वेगळी. सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढ्याने घरं बुडवली ती एका रात्रीच्या पावसाने, म्हणून नदीची रेषा बघून ओढ्याकाठचा धोका ठरवू नये.

जलसंपदा विभागाच्या पूररेषेच्या नकाशात त्या जागेची लाल रेषेची पातळी मीटरमध्ये मिळते. आर्किटेक्टकडून जोत्याची, पार्किंगची आणि मीटर-पॅनेलची पातळी लेखी मागून घ्या, आणि तिन्ही आकडे तिच्याशेजारी मांडा.