चेन सैल झाली की नुसती कडी काढून का भागत नाही

सायकलची चेन लोंबायला लागली की आपल्या बेळगाव-खानापूर भागात दोन उपाय ठरलेले. आधी मागचं चाक थोडं मागं ओढायचं. तेही पुरेनासं झालं की कडी काढून चेन आखूड करायची. लोंबणं थांबतं, पण झीज आहे तिथंच राहते.

चेनच्या प्रत्येक सांध्यात एक पिन, पिनेवर बुश म्हणजे पोकळ नळी आणि बुशवर फिरणारा रोलर असतो. हान्स रेनॉल्ड यांनी 1880 मध्ये मँचेस्टरला ही रचना आणली. साध्या सायकलला आजही तीच आहे. चेन दात्यांवर चढता-उतरताना पिन बुशमध्ये थोडी वळते. फ्रीव्हीलला, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्राला, 18 दाते असतील तर दर वेळी 20 अंश, आणि वरच्या बाजूला तर पेडलचा सगळा ताण अंगावर घेऊन. त्यामुळं पिन एका अंगानं झिजते आणि बुशचं भोक मोठं होतं. कड्यांच्या पट्ट्या ताणल्या जात नाहीत. शंभरावर सांध्यांतली किंचित किंचित ढिलाई मिळून चेन लांबते. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मशीनवर उभं राहणाऱ्या माणसाला पिन-बुशची ही झीज वेगळी समजावून सांगायला नको.

आपल्या मातीचाही यात हात आहे. जांबोटीकडचा तांबडा चिखल असो की निपाणी-चिकोडीकडची काळी माती, तिच्यातले गारगोटीचे बारीक कण पोलादालाही ओरखडतात. तेलात कालवले गेले की ते सांध्यात शिरून घासत राहतात. म्हणून चेनला ग्रीस थापणं किंवा मोटारसायकलचं काढलेलं काळं ऑइल ओतणं मला अजिबात पटत नाही. चेन आधी कापडानं पुसावी, प्रत्येक रोलरवर एक थेंब तेल सोडावं, पेडल उलटं फिरवावं आणि बाहेर राहिलेलं तेल पुन्हा पुसून टाकावं.

आता कडीचा हिशेब बघा. पिनेपासून पिनेचं अंतर अर्धा इंच, म्हणजे 12.7 मिमी. 110 पिनांची नवी चेन 1397 मिमी भरते. कडी काढताना आतली आणि बाहेरची अशी जोडी जाते, म्हणजे 25.4 मिमी. तेवढी काढूनही मागचं चाक पहिल्याच जागी बसत असेल, तर चेन सुमारे 1.85 टक्के लांबली आहे. बदलायची वेळ अर्ध्या ते एक टक्क्यातच येऊन गेलेली असते! शिवाय उरलेले सगळे सांधे ढिलेच राहतात.

खरं नुकसान पुढं होतं. नव्या चेनचा ताण बऱ्याच दात्यांत वाटला जातो. लांबलेल्या चेनचे रोलर दात्यांच्या टोकांकडं सरकतात, भार मोजक्या दात्यांवर येतो आणि ते एका बाजूनं खाल्ले जाऊन विळ्यासारखे वाकडे दिसू लागतात. अशा फ्रीव्हीलवर नवी चेन चढवली तर ती नीट बसत नाही. चढावर उभं राहून जोर लावला की चेन दाता सोडून उडी मारते, पाय पेडलवरून घसरतो आणि माणूस पडतो. उलट, जुनी चेन नव्या फ्रीव्हीलवर चालवली तर ती नवे दातेही लवकर खाते. म्हणून उशीर झाला असेल तर ही दोन्ही एकत्रच बदलावीत.

उशीर झाला की नाही, हे फूटपट्टी सांगते. चेन ताणून धरा आणि एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवा. ती पिन सोडून पुढची चोविसावी पिन नव्या चेनमध्ये बरोबर 12 इंचांवर येते. ती 1/16 इंच, म्हणजे दीड मिमी पुढं गेली असेल तर नुसती चेन बदलून बहुधा भागतं. 1/8 इंच, म्हणजे तीन मिमी गेली असेल तर फ्रीव्हीलही गेलं असं धरून चाला. गियरच्या सायकलला सगळ्यात छोटी चक्रं आधी जातात, कारण त्यांच्यावर भार झेलायला दातेच कमी. चोर्ला घाटाकडं जाणाऱ्यांनी तर अर्ध्या टक्क्यालाच, म्हणजे त्या 1/16 इंचालाच, चेन बदलावी.

2006-07 पासून कर्नाटकातल्या सरकारी शाळांत आठवीला मिळालेल्या सायकली आपल्या गावांत थोरल्याकडून धाकट्याकडं जात राहिल्या. अशी सायकल पोरीच्या हाती देण्याआधी हे माप घ्याच.

पुढचं चेनव्हील, म्हणजे पेडलजवळचं मोठं दातेरी चक्र, मात्र घाईनं बदलू नका. पुढं 48 आणि मागं 18 दाते असतील तर मागचा प्रत्येक दाता पुढच्यापेक्षा अडीच पटीहून जास्त वेळा चेनखाली येतो. पुढचे दाते सरळ असतील आणि नवी चेन त्यांच्यावर घट्ट बसत असेल, तर तेच चेनव्हील पुढच्या चेनलाही चालेल.